किल्लीतला एक बिट उलटला तर उपग्रह कोणाचा? : टेलिकमांड, एन्क्रिप्शन आणि रेडिएशन

भ्रमणकक्षा (धागाकर्ता)
विभाग : विज्ञान-तंत्रज्ञान, पुणे

पुण्यातला एक विद्यार्थी गट क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याच्या आकाराचा छोटा उपग्रह, बनवतोय. त्यांच्या ऑनबोर्ड कॉम्प्युटरच्या कामात मी मदत करतो. परवाच्या डिझाइन रिव्ह्यूत टेलिकमांडचा, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाला हुकूम पाठवण्याचा, विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. काहींचं म्हणणं, एवढ्याशा उपग्रहाच्या वाटेला कोण जाणार, कमांड उघड्याच पाठवू. उरलेल्यांचं म्हणणं, एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत टाका, लायब्ररी तयार मिळते, विषय संपला. मला दोन्ही पटलं नाही, आणि बैठकीत नीट मांडायला वेळही मिळाला नाही, म्हणून इथे लिहितो.

सुरुवात जुन्या उदाहरणापासून करतो, कारण ते आपल्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातं. टेलस्टार-१ हा उपग्रह १० जुलै १९६२ ला उडाला. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' ही अणुचाचणी केली होती आणि पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांमध्ये वेगवान इलेक्ट्रॉनांची भर पडली होती. टेलस्टारची कक्षा त्यातूनच जायची. नोव्हेंबरमध्ये तो कमांड ऐकेनासा झाला. बिघडला होता तो कमांड डीकोडर. आलेला हुकूम उलगडणारे ट्रान्झिस्टर रेडिएशनने कामातून गेले होते. बेल लॅब्जच्या इंजिनिअरांनी जमिनीवरून वेगळ्या घडणीच्या पल्सेस पाठवल्या, ट्रान्झिस्टरवरचा वीजपुरवठा तोडून त्यांना सावरायला वाव दिला आणि जानेवारी १९६३ मध्ये उपग्रह पुन्हा बोलता केला. २१ फेब्रुवारीला तो कायमचा गप्प झाला.

तेव्हा डीकोडर म्हणजे मोजके ट्रान्झिस्टर होते. आज त्याच जागी आपण एईएस, त्याची गुप्त किल्ली, कमांडचा क्रम मोजणारा काउंटर आणि मॅक, म्हणजे कमांड अस्सल असल्याची खूण, तपासणारा कोड बसवतो. म्हणजे आपला हुकूम आणि उपग्रह यांच्या मधे, रेडिएशनने बिट उलटून (० चा १ किंवा १ चा ० होऊन) बिघडू शकेल अशी मेमरी आपणच वाढवतो. सुरक्षा वाढवताना हे ध्यानात धरलं नाही, तर परक्याला कुलूप लागतंच, पण एक दिवस आपल्यालाही लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की किल्ली गुप्त ठेवणं आणि किल्ली शाबूत ठेवणं हे एकाच माणसाचं, एकाच डिझाइनचं काम असावं. सॉफ्टवेअरवाल्यांनी एन्क्रिप्शन बघायचं आणि हार्डवेअरवाल्यांनी रेडिएशन, ही वाटणी इथे चालत नाही.

आता थोडं आतलं. अवकाश संस्थांच्या सीसीएसडीएस या समितीच्या प्रमाणानुसार टेलिकमांडची फ्रेम, म्हणजे एका खेपेचं पाकीट, जास्तीत जास्त १०२४ बाइटची असते. सुरुवातीला ५ बाइटांचं हेडर. त्यांचाच एसडीएलएस हा सुरक्षेचा प्रोटोकॉल जीसीएम पद्धतीने (तीत एईएसने मजकूर झाकणं आणि मॅक बनवणं एकत्र होतं) लावला, तर त्यामागे २ बाइटांचा निर्देशांक येतो, तो कोणती किल्ली आणि कोणती पद्धत ते सांगतो. मग १२ बाइटांचा आयव्ही, म्हणजे दर फ्रेमला बदलणारा आकडा, मग प्रत्यक्ष कमांड, आणि शेवटी १६ बाइटांचा मॅक. वाढले किती, तर ३० बाइट. १२०० बिट प्रतिसेकंद या संथ दुव्यावर ते ०.२ सेकंदात जातात. पुण्यावरून उपग्रह जाताना चांगला पास मिळाला तर दहा-बारा मिनिटं हातात असतात. तेव्हा 'बँडविड्थ परवडत नाही' हे कारण कोणी देऊ नये.

आणि कमांडच्या बाबतीत मजकूर लपवण्याहून ओळख पटवणं महत्त्वाचं. 'अँटेना उघड' हा हुकूम कोणी वाचला तर फारसं बिघडत नाही, परक्याने तो दिला तर बिघडतं. एसडीएलएसमध्ये नुसतं ऑथेंटिकेशन, नुसतं एन्क्रिप्शन किंवा दोन्ही, असे तिन्ही पर्याय आहेत. नासाच्या १००६ए या प्रमाणात कमांड एन्क्रिप्ट करणं बंधनकारक आहे, पण ज्याला स्वतःचं इंजिन नाही अशा, पृथ्वीजवळच्या कमी जोखमीच्या यानांना नुसत्या ऑथेंटिकेशनची मुभा दिलेली आहे. आपला क्यूबसॅट त्याच जातकुळीतला.

जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत. विशेषतः सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाडानंतर उपग्रह फक्त गरजेपुरता चालू असतो तेव्हा, काय करावं यावर मला चर्चा हवी आहे.

---

मुठेकाठी

विषय माझा नाही, पण टेलस्टारची हकिगत वाचून थांबले. एक प्रश्न विचारते. खरंच कोणी परक्याच्या उपग्रहाला कमांड द्यायचा प्रयत्न केलाय, की ही भीती कागदावरची आहे?

---

भ्रमणकक्षा

मुठेकाठी, प्रयत्न झालेत. २००७ आणि २००८ साली लँडसॅट-७ आणि टेरा या दोन अमेरिकी उपग्रहांच्या दुव्यात परका हस्तक्षेप झाल्याचं अमेरिकी संसदेच्या एका आयोगाने २०११ च्या अहवालात नोंदवलं. टेराच्या बाबतीत तर कमांड देण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या पायऱ्या त्या मंडळींनी पार केल्या होत्या, कमांड मात्र दिली नाही.

दुसरा प्रकार जमिनीकडून शिरण्याचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवरचं आक्रमण सुरू झालं त्याच दिवशी, के-ए-सॅट या उपग्रह इंटरनेट सेवेच्या जमिनीवरच्या व्यवस्थापन नेटवर्कमध्ये घुसून ग्राहकांचे हजारो मोडेम पुसून टाकले गेले. जर्मनीतल्या ५८०० पवनचक्क्यांवरचं दूरस्थ नियंत्रण त्यात तुटलं. वर उपग्रहाला धक्काही लागला नव्हता.

आणि लहान उपग्रहांबद्दल विचाराल, तर जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये तीन खऱ्या उपग्रहांचं फर्मवेअर उघडून तपासलं. एस्टक्यूब-१, ऑप्ससॅट आणि फ्लाइंग लॅपटॉप. तिन्हींत गंभीर भोकं निघाली. लहान उपग्रहांकडे कोणी बघत नाही, ही समजूत त्यानंतर तरी सोडायला हवी.

---

व्हीएचएफ_कोथरूड

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, बाजूने लिहितो, कारण विद्यार्थी उपग्रह बहुतेक ४३५-४३८ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यातच असतात. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांचा स्वयम् उपग्रह असाच, जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेलेला, किलोभराच्या आतला. त्या काळात पुण्यातल्या किती गच्च्यांवर यागी अँटेना आकाशाकडे वळल्या होत्या, ते पाहणाऱ्यांना आठवत असेल.

मुलांना नेहमी सांगितलं जातं की हॅम पट्ट्यात एन्क्रिप्शन चालत नाही. ते अर्धंच खरं आहे. देशादेशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक प्रक्षेपण करू नये, हा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा नियम आहेच. पण २००३ च्या परिषदेत त्यात अपवाद घातला गेला : जमिनीवरचं कमांड केंद्र आणि हौशी सेवेतला उपग्रह यांच्यातले नियंत्रण संकेत. म्हणजे कमांड झाकायला आंतरराष्ट्रीय नियम आड येत नाही. टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाने खाली पाठवलेली स्वतःची माहिती, मात्र उघडी ठेवा आणि तिचं स्वरूप जाहीर करा. जगभरातले हॅम तुमचा उपग्रह ऐकून तुम्हाला डेटा पाठवतात, उपग्रह हरवला तर तेच शोधून देतात. शिवाय मॅक लावल्याने मजकूर लपत नाही, त्यामुळे ऑथेंटिकेशनला तर कसलीच हरकत नाही. आपल्याकडच्या परवान्याच्या अर्जात हे सगळं स्पष्ट लिहून टाका, नंतरचा पत्रव्यवहार वाचतो.

एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवा. एन्क्रिप्शनने जॅमिंग थांबत नाही. एप्रिल १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या जॉन मॅकडूगलने गॅलेक्सी-१ वरचा एचबीओचा सिग्नल स्वतःच्या जास्त ताकदीच्या वाहकलहरीने झाकून 'कॅप्टन मिडनाइट' नावाने संदेश दाखवला. त्याने कुठली किल्ली फोडली नव्हती. आपला दुवा दाबून टाकला गेला तर उपग्रहाने दोन-चार दिवस स्वतःच्या बुद्धीने नीट राहावं, एवढी सोय हवीच.

---

पेलेट्रॉन

रेडिएशन चाचण्यांच्या क्षेत्रात उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्या बाजूचं लिहितो.

कमी कक्षेतल्या उपग्रहाला बिट उलटण्याचा सर्वात मोठा त्रास दक्षिण अटलांटिकवर होतो. ब्राझीलच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकक्षेत्र दुबळं आहे, त्यामुळे आतला व्हॅन ॲलन पट्टा तिथे दोनेकशे किलोमीटरपर्यंत खाली येतो आणि उपग्रह प्रोटॉनांच्या माऱ्यातून जातो. आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोलनिरीक्षणाच्या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली आहे, तरी त्या प्रदेशाची कड लागते आणि त्या वेळात उपकरणांचं हाय व्होल्टेज बंद ठेवावं लागतं. त्यातल्या सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणात आपल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा मोठा वाटा आहे, तिथल्या कोणालाही विचारा.

आता भ्रमणकक्षा यांच्या मुद्द्याला धरून. बिट उलटणं हा एक प्रकार. दुसरा लॅच-अप. जड आयन चिपमधून गेला की चिपच्या सीमॉस रचनेत दडलेला थायरिस्टर (एकदा चालू झाला की चालूच राहणारा स्विच) चालू होतो, करंट एकदम चढतो आणि वेळीच वीज तोडली नाही तर चिप जळते. म्हणून प्रत्येक बोर्डावर करंट मोजून वीज तोडणारं सर्किट असतं. ते अगदी बरोबर आहे. पण वीज तोडली की रॅम पुसली जाते. रॅममध्ये ठेवलेला काउंटर शून्य. रॅममधली तात्पुरती सेशन किल्ली गेली. जळण्यापासून वाचवणारं सर्किटच सुरक्षेची स्मृती पुसतं. हा दुवा फार थोड्या टीम कागदावर मांडतात.

एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप, निवडताना एवढं पाहा. एसरॅम या मेमरीवर आधारलेल्या एफपीजीएमध्ये बिट उलटला तर नुसता डेटा बिघडत नाही, सर्किटच बदलतं. तुमचा एईएस ब्लॉक एईएस राहत नाही. फ्लॅशवर आधारलेल्या, उदाहरणार्थ आरटीजी-४ सारख्या भागांत सर्किटची जोडणी या त्रासातून सुटते, पण फ्लिप-फ्लॉप आणि रॅमची काळजी तिथेही घ्यावी लागते. अवकाशासाठीचे खास भाग विद्यार्थी गटांना परवडत नाहीत, हे मान्य. मग बाजारातले साधे भाग घ्या, पण तिहेरी प्रती, मतदान (तीनपैकी दोन प्रती जुळतील ते खरं), हॅमिंग कोड (चुकलेला बिट शोधून दुरुस्त करणारा) आणि ठरावीक वेळाने मेमरी वाचून दुरुस्त करणं हे सगळं डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात आणि दिल्लीला पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रं, आहेत. जड आयनांची चाचणी आपल्या देशात होते.

---

तापकीरगल्ली

उत्तम धागा. एक शंका. आपल्या विक्रम ३२०१ प्रोसेसरबद्दल एवढं वाचलं, तो वापरता येणार नाही का?

---

पेलेट्रॉन

तापकीरगल्ली, विक्रम ३२०१ मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर घडवलेला ३२ बिटी प्रोसेसर आहे आणि तो प्रक्षेपकांसाठी केलेला आहे. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण प्रक्षेपकाचं काम मिनिटांत संपतं, उपग्रहाला वर्षानुवर्षं मारा सोसायचा असतो. दोन्हींच्या गरजा वेगळ्या.

---

हिंजवडी_फेज३

क्रिप्टोग्राफी हे माझं रोजचं काम. सगळे किल्लीबद्दल बोलताहेत. मला किल्लीइतकीच काळजी काउंटरची वाटते.

जीसीएमचा एकच नियम आहे, जो मोडला की सगळं कोसळतं : एका किल्लीखाली तोच आयव्ही दोनदा वापरायचा नाही. वापरला तर दोन्ही संदेशांच्या मजकुराचं नातं उघडं पडतंच, शिवाय मॅक बनवण्यामागची आतली गुप्त संख्याही गणिताने काढता येते. आता पेलेट्रॉनकाकांनी सांगितलेला लॅच-अप इथे ठेवून बघा. वीज गेली, काउंटर शून्य झाला. उपग्रह खाली डेटा पाठवताना जुनेच आयव्ही पुन्हा वापरू लागला. खाली कोणीतरी पहिला पासही रेकॉर्ड केलाय आणि हाही. किल्ली कोणी चोरली नाही, कोड चुकला नाही, तरी सुरक्षा गेली.

वर जाणाऱ्या दुव्यात याचंच दुसरं रूप दिसतं. उपग्रह 'शेवटची मान्य कमांड कितवी' हा आकडा ठेवतो, म्हणजे जुनी कमांड रेकॉर्ड करून पुन्हा वाजवली तर तो नाकारतो. आकडा शून्य झाला की आजवरच्या सगळ्या जुन्या, अस्सल, मॅकसह असलेल्या कमांड पुन्हा चालतात. उलटही होतं. ३२ बिटी आकड्यातला सर्वात वरचा बिट उलटला तर तो एका झटक्यात २१४ कोटींनी पुढे जातो आणि त्यानंतर तुमची प्रत्येक कमांड 'जुनी' म्हणून नाकारली जाते.

उपाय असा. काउंटर एफरॅम किंवा एमरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, तीन प्रतींत. तिथला साठवणारा सेल विद्युतभारावर चालत नाही, त्यामुळे तो सहसा उलटत नाही. भोवतीचं सर्किट चुकू शकतं, म्हणून प्रती. डाउनलिंकसाठी (खाली येणारा दुवा) दर वेळी आकडा लिहायची गरज नाही, हजाराचा गठ्ठा आधीच राखून ठेवा आणि प्रत्येक बूटनंतर पुढच्या गठ्ठ्यापासून सुरू करा. मधले आकडे वाया गेले तर जाऊ द्या. अपलिंकसाठी (वर जाणारा दुवा) 'शेवटचा मान्य आकडा' टेलिमेट्रीत उघडा सांगा. तो गुप्त नाही. तो पुढे उडाला असला तर तुम्हीही तिथून पुढे मोजा, वरच्या अर्ध्यातसुद्धा तेवढीच जागा शिल्लक असते. आणि अपलिंक-डाउनलिंकला एकच किल्ली कधीही नको.

किल्लीबद्दलही एक. एईएस-१२८ ची किल्ली १६ बाइटांची, पण बहुतेक लायब्ररी सुरुवातीलाच तिच्यातून ११ उपकिल्ल्या उलगडून १७६ बाइट रॅममध्ये ठेवतात आणि उपग्रह रीसेट होईपर्यंत त्याच वापरतात. मूळ किल्लीच्या तीन प्रती करून ठेवल्या आणि हे १७६ बाइट तसेच उघडे सोडले, तर काही उपयोग नाही. त्यातला एक बिट उलटला की प्रत्येक मॅक चुकणार, प्रत्येक कमांड नाकारली जाणार, आणि उपग्रह बाकी ठणठणीत असणार. म्हणून दर फ्रेमला तीन प्रतींतून मतदान करून किल्ली घ्या, तिचा सीआरसी, म्हणजे चूक ओळखणारा तपासणी-आकडा, तपासा आणि उपकिल्ल्या नव्याने उलगडा. पासभरात कमांड येतात किती? वेळेची काहीच अडचण नाही.

---

खोडदची_वाट

तांत्रिक मुद्दे मान्य. पण सेफ मोडबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते ठाम आहे. उपग्रह संकटात असेल, किल्लीवर भरवसा उरला नसेल, तेव्हा मोजक्या पाच-सहा कमांड उघड्या स्वीकाराव्यात. रीसेट, बीकन (उपग्रहाचा ओळखीचा संकेत) चालू, दुसऱ्या रिसीव्हरवर जा, एवढ्याच. मुलांनी तीन-चार वर्षं खपून बनवलेली वस्तू केवळ मॅक जुळला नाही म्हणून मुकी व्हावी, हे मला सहन होणार नाही. हल्ल्याची शक्यता किती आणि बिट उलटण्याची किती? बिट उलटणारच आहे.

---

भ्रमणकक्षा

खोडदची_वाट, तुमची कळकळ पोचते आणि मोजणीही चुकीची नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. उघडं दार फक्त सेफ मोडमध्ये आहे असं ठरवलं, की हल्लेखोराचं काम एवढंच उरतं : उपग्रहाला सेफ मोडमध्ये ढकलणं. आणि पाच उघड्या कमांडमध्ये 'रीसेट' असेल तर प्रत्येक पासला रीसेट देऊन तो तुमची मोहीम बंद पाडू शकतो.

युरोपीय अवकाश संस्थेने नेमका हाच प्रश्न घेऊन क्रिप्टआयसी नावाचा प्रयोग २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर, कोलंबस मॉड्यूलमध्ये पाठवला. आत रास्पबेरी पाय झिरो, म्हणजे आपल्याकडे मुलं शाळेच्या प्रकल्पात वापरतात तो बोर्ड. त्यात दोन वाटा तपासल्या. पहिली, नेहमीची किल्ली बिघडली तर हार्डवेअरमध्येच पक्की केलेली दुसरी मूळ किल्ली वापरून नवी किल्ली ठरवायची. दुसरी, एफपीजीएमध्ये प्रोसेसरचे एकाहून जास्त गाभे ठेवायचे, एक बिघडला तर दुसऱ्याने काम घ्यायचं आणि पहिल्याची जोडणी दुरुस्त करायची.

मला पहिली वाट आपल्यासाठी योग्य वाटते. मूळ किल्ली जोडणीतच पक्की असेल तर ती बदलता येत नाही, हा तोटा आहे. पण ती रोज वापरायचीच नाही, फक्त नवी किल्ली बसवायला वापरायची.

---

खोडदची_वाट

आणि मूळ किल्लीपर्यंत पोचण्यासाठीची कमांड कोण ऐकणार? ती तपासणारा कोडही त्याच बिघडलेल्या मेमरीत.

---

हिंजवडी_फेज३

यासाठी कमांडची वाट बघायचीच नाही. ठरावीक दिवस एकही वैध कमांड आली नाही, तर उपग्रहाने स्वतःहून वीज तोडून बूट करावं, कोड मूळ प्रतीतून घ्यावा आणि मूळ किल्लीवर यावं. दूरच्या यानांत ही पद्धत मुरलेली आहे. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या कमांडमुळे व्हॉयेजर-२ ची अँटेना पृथ्वीपासून २ अंश वळली आणि संपर्क तुटला. कॅनबेराच्या मोठ्या अँटेनावरून जोरदार कमांड पाठवून ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत मिळवला. पण ते साधलं नसतं तरी १५ ऑक्टोबरला यान आपोआप दिशा सुधारणारच होतं, तशी सोय त्यात आधीपासून आहे. आपल्या टायमरचा आकडाही तीन प्रतींत हवा आणि वॉचडॉग (प्रोसेसर अडकला तर त्याला रीसेट करणारा टायमर) प्रोसेसरच्या बाहेर, वेगळ्या चिपवर हवा.

---

खोडदची_वाट

टायमरची वाट मला पटते, मात्र तो दोन-तीन दिवसांचा ठेवा. बॅटरी महिनाभर थांबणार नाही. उघड्या बीकन कमांडचा आग्रह मी सोडत नाही. तेवढ्या एका कमांडने कोणाचं काही नुकसान होत नाही.

---

व्हीएचएफ_कोथरूड

बीकन तर कमांडशिवायच सतत चालू ठेवा ना. हॅम पट्ट्यातला उपग्रह आहे, तो ऐकू यायलाच हवा. फक्त प्रक्षेपण बंद करायची कमांड तुमच्या हातात पक्की असली पाहिजे, ती हौशी उपग्रहासाठी नियमाची अट आहे. आणि ती मात्र नक्कीच मॅकसह.

---

सौरपट्टी

मी त्याच गटातली आहे, ऑनबोर्ड सॉफ्टवेअर बघते. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाचून आम्ही काल लॅबमध्ये एक चाचणी लावली. बोर्ड चालू असताना डीबगर या तपासणीच्या साधनाने किल्लीच्या एका प्रतीतला एकेक बिट उलटवत गेलो आणि प्रत्येक वेळी कमांड पाठवली. तीन प्रतींमुळे सगळ्या कमांड स्वीकारल्या गेल्या. मग उलगडलेल्या १७६ बाइटांतला एक बिट उलटवला, तर हिंजवडी_फेज३ म्हणतात तेच घडलं. टेलिमेट्री व्यवस्थित येत होती, बॅटरी, तापमान सगळं ठीक, आणि एकही कमांड लागत नव्हती. आता दर फ्रेमला किल्ली नव्याने उलगडायचा बदल करतोय.

एक शंका आहे. मतदानात तीनपैकी एक प्रत वेगळी निघाली तर ती लगेच दुरुस्त करून लिहायची, की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं?

---

पेलेट्रॉन

लगेच लिहा, आणि कोणती प्रत, कधी, कितवा बिट ही नोंद टेलिमेट्रीत पाठवा. त्या नोंदी नकाशावर मांडल्या की दक्षिण अटलांटिक आपोआप दिसेल. तीन प्रती शेजारीशेजारी ठेवू नका, वेगळ्या चिपवर शक्य नसेल तर निदान वेगळ्या पत्त्यांवर दूर ठेवा. एकाच कणाने शेजारचे दोन बिट उलटू शकतात.

---

सौरपट्टी

आमच्या तिन्ही एकाच ॲरेमध्ये लागोपाठ आहेत. आज संध्याकाळी लिंकर फाइल (काय मेमरीत कुठे बसेल ते ठरवणारी) बदलते आणि चाचणी पुन्हा लावते, निकाल इथेच टाकेन.